स्वादार्क, घरगुती

स्वादार्क, घरगुती : वनस्पतींची पाने, फुले, शेंगा, बिया, मुळे किंवा फळांच्या साली यांतील वास व चव देणारे घटक योग्य द्रवात उतरवून घरच्या घरी तयार केलेल्या व खाद्यपदार्थांत अल्प प्रमाणात घालावयाच्या द्रवास घरगुती स्वादार्क म्हणतात. व्हॅनिला, लिंबू व संत्र्याची साल, पुदिना, आले, वेलदोडा, दालचिनी इत्यादींचे स्वादार्क विशेष प्रचारात आहेत. बाष्पनशील तेल व स्वादार्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बाष्पनशील तेल हा वनस्पतीतील सुवासिक भाग जवळजवळ शुद्ध स्वरूपात असतो, तर स्वादार्क हा त्याचा व त्याबरोबर उतरलेल्या रंग, राळ, शर्करा इ. पदार्थांचा विरल विद्राव असतो [⟶ बाष्पनशील तेले]. बाजारात ‘इसेन्स’ या नावाने स्वस्तात मिळणारे बहुतेक द्रव संश्लेषित संयुगांचे असतात व त्यांत नावापुरतीही वनस्पती नसते.

‘अर्क’ या शब्दाचे संस्कृतातील प्रमुख अर्थ सूर्य व रुईचे झाड असे आहेत. गाळून काढलेला द्रव हा अर्थ मात्र अरबीतील ‘अरक’ म्हणजे घाम या शब्दावरून आला. ऊर्ध्वपातनाच्या भांड्यातील थंड पृष्ठावर जमणाऱ्या थेंबांना घामाची उपमा दिलेली आहे. या व्युत्पत्तीप्रमाणे पाहता केवळ ऊर्ध्वपातित द्रवासच अर्क म्हणावयास हवे. परंतु व्यवहारात भिजवून काढलेल्या द्रवासही हेच नाव रूढ झाले आहे आणि प्रस्तुत नोंदीत मुख्यतः अशाच द्रवाचा विचार केला आहे.

तत्त्व : वनस्पतीतील कोणता घटक कोणत्या द्रवात विरघळतो, यावर सर्व कृती अवलंबून असते. केशराचा रंग देणारे क्रोसीन व कडसर चव देणारे पिक्रोक्रोसीन ही दोन्ही पाण्यात विरघळतात. म्हणून केशर कोमट दुधात खलले की पुरते. उलट हिंगातील गंधकयुक्त संयुगे व कढीपत्त्यातील सुवासिक तेल ही तेलात उतरतात, पाण्यात फारशी उतरत नाहीत. महाराष्ट्रीय स्वयंपाकातील फोडणी ही या दृष्टीने तेलातील निष्कर्षणाचीच क्रिया होय. फरक इतकाच, की तिचे उत्पादन साठवून न ठेवता त्याच क्षणी भाजीत किंवा आमटीत पडते. कोकणात पिकलेल्या रातांब्यांना मीठ लावून जे आगळ काढतात त्यात मीठ फळातील रस ओढून घेते व तोच रस टिकवूनही धरते. गुलकंदात हेच काम साखर करते.

एथिल अल्कोहॉल व पाणी यांचे मिश्रण हे स्वादार्कासाठी सर्वांत सोयीचे ठरते. त्यातील अल्कोहॉलामुळे तेले व राळ विरघळतात आणि पाण्यामुळे शर्करा, अम्ले व रंगद्रव्ये उतरतात. याशिवाय सु. २०% पेक्षा अधिक अल्कोहॉल असलेल्या द्रवात सूक्ष्मजंतूंची वाढ होत नाही. जो द्रव स्वाद काढून घेतो तोच त्याला टिकवितो, हा या विद्रावकाचा मोठा गुण होय. ग्लिसरीन, तेल किंवा केवळ पाणी वापरल्यास यांपैकी दुसरा गुण कमीअधिक प्रमाणात हरपतो आणि घरगुती स्वादार्कांतील बहुतेक धोके तेथूनच उद्‌भवतात. पाककृतींच्या पुस्तकांत ‘अल्कोहॉल नको असल्यास तितकेच तेल किंवा पाणी घ्यावे’ असे सरसकट लिहिलेले आढळते, ते बरोबर नाही.

भारतीय परंपरा : आयुर्वेदात स्वरस, कल्क, क्वाथ, हिम व फांट या पाच मूलभूत कृती सांगितलेल्या असून त्यांना पंचविध कषायकल्पना म्हणतात. त्यांतील हिम म्हणजे भरडलेले द्रव्य थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळलेला द्रव आणि फांट म्हणजे उकळते पाणी द्रव्यावर ओतून थोड्या वेळाने गाळलेला द्रव. शार्ङ्गधरसंहितेत हिमासाठी द्रव्याच्या सहापट व फांटासाठी चौपट पाणी घेण्यास सांगितले आहे. नाजूक व उडून जाणाऱ्या वासाच्या द्रव्यांना उकळू नये, ही जाण या विभागणीत दिसून येते. वाळ्याची जुडी माठात सोडून पाणी सुवासिक करण्याची घरोघरची पद्धत हिमाचाच प्रकार आहे. हे सर्व द्रव ताजे वापरावयाचे असतात. दीर्घकाळ टिकावे म्हणून आसव व अरिष्ट हे प्रकार योजले गेले; त्यांत किण्वनाने आपोआप तयार होणारे अल्कोहॉल औषधी घटक उतरविते व टिकवितेही. ऊर्ध्वपातनाने काढलेल्या अर्कांचे विवेचन अर्कप्रकाश या ग्रंथात असून तो परंपरेने रावणाच्या नावावर सांगितला जातो.

सुवासिक जलांचे ऊर्ध्वपातन उत्तर प्रदेशातील कनौज व ओडिशातील गंजाम जिल्हा येथे तांब्याच्या ‘डेग’ व ‘भपका’ या भांड्यांत आजही केले जाते. गंजाम येथील व्यवसाय केवड्याच्या नर-फुलोऱ्यांवर चालतो. घरी गुलाबजल काढताना पातेल्यात पाकळ्या व पाणी घेऊन मध्ये वाटी ठेवतात, झाकण उलटे ठेवून त्यावर बर्फ किंवा थंड पाणी घालतात आणि मंद आचेवर वाफ वाटीत टिपून घेतात. गुलाबाच्या वासातील फेनिल एथिल अल्कोहॉल हा घटक पाण्यात बराच विरघळत असल्याने हे जल चांगले सुवासिक होते. परंतु त्यात टिकविणारा कोणताही पदार्थ नसल्याने ते शीतकपाटात ठेवून थोड्याच दिवसांत संपवावे लागते.

व्हॅनिला : घरगुती स्वादार्कांत याचे स्थान पहिले आहे. व्हॅनिला (लॅ. व्हॅनिला प्लॅनिफोलिया, कुल-ऑर्किडेसी) ही मेक्सिको व मध्य अमेरिकेतील वेल. तिच्या मूलस्थानाबाहेर नैसर्गिक परागण होत नसल्याने दीर्घकाळ शेंगा धरत नसत. हिंदी महासागरातील रेयून्यों बेटावर एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने १८४१ मध्ये बारीक काडीने हस्तपरागण करण्याची सोपी रीत शोधून काढली व त्यानंतरच या पिकाचा जगभर प्रसार झाला. भारतात कर्नाटक व केरळ या राज्यांत त्याची लागवड होते. हिरव्या शेंगेला व्हॅनिलाचा वास नसतो. व्हॅनिलीन हे संयुग तीत ग्लुकोजाशी बद्ध असते; शेंगा गरम पाण्यात बुडवून, घाम आणवून व कित्येक महिने हळूहळू वाळवून ते एंझाइमांच्या क्रियेने मुक्त होते. अशा रीतीने सिद्ध झालेल्या शेंगेत सु. २% व्हॅनिलीन असते. त्याखेरीज इतरही अनेक गंधयुक्त संयुगे अत्यल्प प्रमाणात असतात व खऱ्या अर्काची खोली त्यांच्यामुळे येते. व्हॅनिलीन प्रथम १८५८ मध्ये वेगळे करण्यात आले व १८७४ मध्ये जर्मनीत त्याचे संश्लेषण झाले. आज बाजारात असलेला व्हॅनिला-स्वाद बहुतांशी संश्लेषित व्हॅनिलिनाचाच असतो.

अमेरिकेतील प्रमाणानुसार व्हॅनिला अर्कात आकारमानाने किमान ३५% अल्कोहॉल असावे लागते व दर लिटरला सु. १०० ग्रॅ. शेंगा वापराव्या लागतात. घरी अर्क करतानाही हेच प्रमाण पाळणे इष्ट असते. २५० मिलि. व्होडकासाठी (अल्कोहॉल ४०% किंवा अधिक) २५ ग्रॅ. म्हणजे साधारणपणे सात-आठ शेंगा लागतात. एवढ्याच मद्यात दोन-तीन शेंगा टाकण्यास सांगणाऱ्या कृती प्रचलित आहेत; त्यांतून मिळणारा द्रव म्हणजे व्हॅनिलाचा वास लागलेले मद्य होय, अर्क नव्हे. शेंगा उभ्या चिरून, तुकडे करून काचेच्या स्वच्छ बाटलीत घालतात व त्या पूर्ण बुडतील इतके मद्य ओततात. वर उघडा राहिलेला तुकडा बुरसण्याचा संभव असतो. बाटली अंधाऱ्या जागी ठेवून आठवड्यातून एकदा हलवितात. दोन महिन्यांत अर्क वापरण्याजोगा होतो, पण मद्याचा उग्रपणा जाऊन वास मुरण्यास सहा महिने ते एक वर्ष लागते. हा अर्क वर्षानुवर्षे टिकतो व जुना होईल तसा सुधारतो. इतर बहुतेक स्वादार्कांच्या बाबतीत असे म्हणता येत नाही.

लिंबू व संत्रे : या फळांचा वास सालीच्या बाहेरील रंगीत थरातील तैलग्रंथींत असतो. त्याखालील पांढरा थर कडू असल्याने साल किसणीने किंवा धारदार सुरीने अगदी वरवर काढावी लागते. पाश्चात्त्य पाककृतींतील ‘लेमन’ हे आपल्याकडील कागदी लिंबाहून निराळ्या जातीचे असून त्याची साल जाड व तेलयुक्त असते. कागदी लिंबाची साल पातळ असल्याने ती किसताना पांढरा भाग सहज येतो. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. ती सोलून चमच्याने आतील पांढरा भाग खरवडून टाकणे अधिक सोपे जाते. फळांवर मेणाचा थर किंवा कीटकनाशकांचा अंश असण्याची शक्यता असल्याने ती कोमट पाण्यात घासून धुऊन कोरडी करतात.

लिंबाच्या तेलात लिमोनीन या हायड्रोकार्बनाचे प्रमाण सर्वांत जास्त असते, परंतु लिंबाचा ओळखीचा वास मुख्यतः सिट्रल या अल्पांशाने असलेल्या घटकामुळे येतो. गवती चहाच्या तेलात सिट्रल विपुल असते व म्हणूनच त्याला लिंबासारखा वास येतो. लिमोनीन ४०% अल्कोहॉलात पूर्णपणे विरघळत नाही. जोमदार अल्कोहॉलात लिंबाचे तेल ५% पर्यंत मिसळून बनविलेल्या व्यापारी अर्काची तीव्रता घरगुती अर्कास यामुळे येत नाही, हे आधीच लक्षात घेतलेले बरे. चार-पाच मोठ्या फळांची साल २०० मिलि. मद्यात दोन-तीन आठवडे भिजवून गाळतात. अर्कात पाणी पडताच तो दुधाळ होतो. तेल सूक्ष्म थेंबांच्या रूपाने बाहेर पडल्याची ती खूण असते. अर्क बिघडला असे समजू नये. हवा व प्रकाश यांमुळे लिमोनिनाचे ऑक्सिडीभवन होऊन टर्पेंटाइनासारखा वास येऊ लागला तर मात्र तो टाकून द्यावा. लहान, काठोकाठ भरलेल्या, गडद रंगाच्या बाटल्या वापरल्यास हा अर्क काही महिने चांगला राहतो. अल्कोहॉल नको असल्यास ताज्या सालीवर साखर चोळून काही तास झाकून ठेवतात. साखर तेल शोषून घेते व ओलसर, अतिशय सुवासिक असा पदार्थ मिळतो. सरबतासाठी तो अर्कापेक्षाही सरस ठरतो.

पाने व मसाले : ताज्या पानांच्या बाबतीत एक हिशेब सहसा कोणी करीत नाही. पुदिन्याच्या पानांत सु. ८५% पाणी असते. १०० ग्रॅ. पाने ४०% अल्कोहॉल असलेल्या २५० मिलि. मद्यात घातली की पानांतील पाणी द्रवात उतरून अल्कोहॉलाचे प्रमाण सु. ३०% वर येते. २०० ग्रॅ. पाने २०० मिलि. मद्यात कोंबली, तर ते सु. २२% पर्यंत घसरते व टिकाऊपणाची मर्यादा जवळ येते. म्हणून ताजी पाने धुऊन, पूर्ण कोरडी करून मोजकीच घ्यावी लागतात. वाळलेल्या द्रव्यास ही अडचण नसते. त्याच्या वजनाच्या पाचपट द्रव घेण्याचा औषधनिर्मितीतील जुना प्रघात येथेही उपयोगी पडतो.

भारतीय स्वयंपाकघरातील पुदिना बहुधा कार्व्होनप्रधान जातीचा असतो. गोळ्या-चॉकलेटांत येणारी थंडगार, मेंथॉलाची चव त्यापासून मिळत नाही. तीसाठी पेपरमिंट लागते. पाने हाताने चुरडून घालतात व दोन-तीन दिवसांतच गाळतात. अधिक काळ ठेवल्यास हरितद्रव्य व गवतासारखी कडवट चव उतरते. आल्याच्या पातळ चकत्या आठवडाभर ठेवतात. वेलदोड्याचे टरफल काढून दाणे ठेचून घ्यावेत, कारण वास दाण्यांतच असतो. लवंग फार लवकर उतरते व दोन-चार दिवसांत पुरे होते. दालचिनी जास्त दिवस राहिल्यास तिच्यातील बुळबुळीत पदार्थामुळे अर्क तारेसारखा ओघळू लागतो. जायफळाचा अर्क थेंबांनीच वापरावा. मोठ्या मात्रेत जायफळ विषारी असते.

इतर विद्रावके : व्हिनेगरातील ॲसिटिक अम्ल (सु. ४–५%) स्वाद उतरविते व सूक्ष्मजंतूंची वाढही रोखते. तुळस, लसूण, मिरची इत्यादींचे तिखट-आंबट अर्क यात निर्धोकपणे करता येतात. धातूचे झाकण मात्र टाळावे. ग्लिसरीन गोड व दाट असून लहान मुलांसाठी किंवा धार्मिक कारणाने मद्य टाळणाऱ्यांसाठी ते वापरतात. त्याची तेल उतरविण्याची शक्ती अल्कोहॉलापेक्षा बरीच कमी असते. वाळलेली द्रव्ये घेऊन ग्लिसरिनाचे प्रमाण निम्म्याहून बरेच वर ठेवल्यास अर्क टिकतो; पाणी वाढल्यास तो आंबतो. ग्लिसरीन खाद्य दर्जाचेच असले पाहिजे. औद्योगिक ग्लिसरिनात डायएथिलीन ग्लायकॉल या विषाची भेसळ होऊन माणसे दगावल्याची उदाहरणे वारंवार घडली आहेत. १९८६ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात असे ग्लिसरीन दिल्याने १४ रुग्ण मृत्यू पावले होते.

धोके : ताजी लसूण किंवा ताजी पाने तेलात बुडवून ठेवण्याची पद्धत पाश्चात्त्य पाककृतींतून आपल्याकडे आली आहे. दिसावयास ती निरुपद्रवी असली, तरी घरगुती स्वादार्कांतील सर्वांत घातक तीच होय. मातीतून आलेली क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूंची बीजुके लसणीवर असू शकतात. तेलाखाली हवा पोहोचत नाही, लसणीत पाणी असते व अम्लता नसते. अशा स्थितीत साध्या तापमानास जंतू वाढून अत्यंत जहाल विष तयार करतात. वास, रंग व चव यांत कोणताही फरक पडत नाही. १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे शीतकपाटाबाहेर ठेवलेल्या लसूणयुक्त तेलामुळे एका उपाहारगृहातील ३६ जणांना ही विषबाधा झाली. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात अशीच घटना घडल्यावर अमेरिकेत व्यापारी उत्पादनांत अम्ल किंवा तत्सम रोधक घालणे आवश्यक ठरविण्यात आले. ही बीजुके साध्या उकळण्याने मरत नाहीत. त्यासाठी दाबाखाली १२१° से. तापमान लागते. असे तेल केल्यास शीतकपाटात ४° से. च्या खाली ठेवून चार दिवसांच्या आत संपवावे किंवा पूर्ण वाळलेली द्रव्येच वापरावीत. आपल्या लोणच्यातील लसणीला हा धोका सहसा नसतो, कारण तेथे तेलाबरोबर भरपूर मीठ व आंबटपणा असतो. मीठ व लिंबू कमी केलेल्या ‘पथ्याच्या’ लोणच्यास मात्र ही हमी लागू पडत नाही.

काही वनस्पतींचे अर्क घरी मुळीच करू नयेत. कडू बदाम व जर्दाळू, पीच यांच्या बियांतील गर पाण्यात भिजला, की अमिग्डॅलीन या घटकापासून बदामाच्या वासाच्या बेंझाल्डिहाइडाबरोबर हायड्रोसायानिक अम्ल हे तीव्र विषही निर्माण होते. व्यापारी बदाम-अर्कासाठी वापरल्या जाणाऱ्या तेलातून ते काढून टाकलेले असते. घरी ते काढता येत नाही. टोंका बियांतील कूमारिनाचा वास व्हॅनिलासारखा असल्याने त्याची व्हॅनिला अर्कात भेसळ होत असे. यकृतास ते अपायकारक असल्याने अमेरिकेत १९५४ मध्ये खाद्यपदार्थांत त्यास बंदी झाली. सॅसफ्रॅसच्या मुळांतील सॅफ्रोलवर १९६० मध्ये तशीच बंदी आली.

विद्रावक म्हणून पिण्यायोग्य व मान्यताप्राप्त मद्यच वापरावे लागते. रंगकामाचे स्पिरिट, जंतुनाशक म्हणून मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहॉल व विकृतीकृत अल्कोहॉल ही सर्व वर्ज्य आहेत. त्यांपैकी काहींत असणारे मेथिल अल्कोहॉल थोड्या मात्रेतही अंधत्व व मृत्यू आणते. मुंबईत मालवणी भागात जून २०१५ मध्ये अशा विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. गाळून व उकळून हे विष निघून जाते, ही समजूत खोटी आहे.

कायदा : महाराष्ट्रात मद्य विकत घेणे, बाळगणे व वापरणे यांस महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू असून त्यासाठी परवाना लागतो. परवान्याशिवाय ऊर्ध्वपातनाने मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. अधिनियमाच्या कलम २४ अ मध्ये, मद्य म्हणून पिण्यास अयोग्य अशा अल्कोहॉलयुक्त स्वादार्कांना व सरबतांना सूट दिलेली आहे. स्वादार्क विक्रीसाठी करावयाचे झाल्यास अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ नुसार नोंदणी किंवा अनुज्ञप्ती घ्यावी लागते.

वापर व साठवण : स्वादार्क पदार्थ आचेवरून उतरविल्यावर, तो थोडा निवत असताना घालतात, बासुंदी किंवा खीर उकळत असताना घातल्यास वासाचा मोठा भाग वाफेबरोबर निघून जातो. भाजल्या जाणाऱ्या केकमध्ये मात्र तो आधीच घालणे भाग असते व त्यासाठी लोणी किंवा इतर स्निग्ध पदार्थात तो प्रथम मिसळून घेतात, कारण स्निग्ध पदार्थ वास धरून ठेवतो. भाजताना सर्व अल्कोहॉल उडून जाते असे मानले जाते, तेही पूर्णतः खरे नाही. काही अंश उरतोच, मात्र चमचाभर अर्कामागे तो नगण्य असतो. बाटलीवर द्रव्याचे नाव, वापरलेला विद्रावक व भरल्याची तारीख लिहिणे आवश्यक आहे, कारण गाळल्यानंतर बहुतेक अर्क सारखेच तपकिरी दिसतात. अर्क काढून घेतलेल्या व्हॅनिलाच्या शेंगांत बराच वास शिल्लक राहतो. त्या सावलीत वाळवून साखरेच्या बरणीत पुरून ठेवल्यास काही आठवड्यांत साखर सुवासिक होते.